पारख्याचं तोंड

"तोंड थोडं तिकडं करून बोला, पारखीभाऊ," देवकाबाई म्हणाली, "तुमच्या तोंडाचा गजब वास येऊन राहिला."

भांडणाचा सूर नव्हता. बंडी जरा बाजूला घ्या म्हणावं, इतक्या साधेपणानं ती बोलली. मुर्री गावची ही बाई दर पौषात स्वतः बंडी हाकत आमच्या राइस मिलमध्ये धान घेऊन यायची. माझं काम धान पारखायचं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले चार दाणे काढायचे, त्यातला एक दाताखाली फोडायचा आणि धान वाळलेलं आहे की ओलं ते सांगायचं. तिच्या लुचई धानाचा दाणा फोडून मी 'ओला आहे' म्हणालो होतो. ती 'वाळला आहे' म्हणत होती. वाद घालायला मी दोन पावलं पुढे सरकलो, तर तिनं पदर नाकाशी नेला आणि ते वाक्य बोलली. वर मला सावरायला वेळ न देता विचारलं, "घरची सांगत नाई काय?"

अंगणात पंधरावीस बंड्या सुटलेल्या होत्या, हमाल पोती उतरवत होते, काट्याजवळ शेठ बसले होते. कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसून घेतलं असतं. कवडू हमालानं मान खाली घालून पोत्याची सुतळी उगाच सोडून पुन्हा बांधली. शेठजींनी डोळे आकाशाकडे लावले. त्या न हसण्यातून मला कळलं की अख्ख्या अंगणात ही बातमी एकट्या माझ्यासाठी नवी होती. दुसरा दाणा दाताखाली धरायचा मला धीर झाला नाही. "असू द्या, वाळलं आहे," मी तिसरीकडे बघत म्हणालो. ते ओलंच होतं. देवकाबाईलाही ते माहीत होतं, कारण तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि बैलांना वळवलं. आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं असं मला कितीतरी वेळा वाटलं आहे. पुढच्या पौषात ती आली तेव्हा मी मुद्दाम जवळ जाऊन तिच्याशी बोललो. तिनं नाक पुढे करून हवा हुंगली, "आता बोला किती बोलायचं ते," म्हणाली आणि धानाच्या गोष्टीवर आली. पण ते पुढचं. त्या दिवशी मला फक्त तिचा दुसरा प्रश्न ऐकू येत होता. घरची सांगत नाही काय?

वास म्हणजे काय हे गोंदियाच्या माणसाला शिकवावं लागत नाही. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजत घालावं लागतं, आणि दोन दिवस भिजलेल्या धानाचं पाणी सोडलं की जो आंबूस दर्प उठतो तो स्टेशनापर्यंत जातो. नागपूरची माणसं गाडीतून उतरताच नाकाला रुमाल लावत. आम्ही त्यांना हसत असू. तेव्हा आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर आमची राजधानी होती, त्यामुळे नागपूरवाल्यांना हसायची संधी आम्ही सोडत नसू. माझ्या कपड्यांना, केसांना, गादीला हा हौदाचा वास होता. कधी स्वतःशीच काही जाणवलंच तर मी ते हौदाच्या नावावर घालून मोकळा होत असे. ज्या गावाला स्वतःचा एवढा वास आहे तिथे एका माणसाचा वास दडून राहायला कितीशी जागा लागते?

भुश्याच्या ढिगामागे गेलो. तिथे कोणी नव्हतं. मनगटावर जीभ फिरवली, क्षणभर वारा लागू दिला आणि हुंगलं. आणि मला सेवकरामकाका आठवले. आठवले म्हणजे त्यांचा चेहरा आठवला नाही, ते खाटेवर होते आणि मला काहीतरी सांगायला त्यांनी जवळ बोलावलं होतं तो क्षण नाकात आला. तोच वास. ओल्या कातड्याचा, सडक्या कोबीचा, गंजलेल्या खिळ्याचा. सेवकरामकाका मिलचे आधीचे पारखी. आमगावकडच्या आमच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, भावांत वाटल्यावर माझ्या वाट्याला जे आलं त्यात संसार होण्यासारखा नव्हता, म्हणून मी गोंदियाला आलो आणि त्यांच्या हाताखाली लागलो. त्यांनी मला पारख शिकवली आणि पारखीचा नियमही शिकवला. "भोजराज, पारख्याचं तोंड कोरडं पायजे. तोंडात पानी असलं तं वाळला दाना बी ओला लागते. धान यायच्या दिसांत पानी पिऊ नोको. तोंडात पानी जमलं का थुंकून टाक." आणि काका थुंकत. सकाळच्या पहिल्या बंडीपासून दिवेलागणीपर्यंत, दर दाण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. मीही थुंकायला लागलो. दिवाळीपासून होळीपर्यंत उन्हं डोक्यावर असोत की धुकं असो, पहिल्या बंडीपासून शेवटच्या बंडीपर्यंत पाण्याचा घोट नाही. पहिल्या साली जीभ टाळूला चिकटायची, घास उतरायचा नाही. मग सवय झाली. मला त्या कोरडेपणाचा अभिमान वाटू लागला. दुसऱ्यांच्या तोंडात काय, कोणाच्याही तोंडात पाणी असतं. पारख्याचं तोंड वेगळं. आपल्या बोलण्यात तरी त्या पाण्याला कोण चांगलं म्हणतो? कोणी कोणाची थुंकी झेलतो, कोणी थुंकलेलं चाटतो, कोणी लाळ घोटतो. ते अंगातून जितकं जाईल तितकं बरंच, असं कोणालाही वाटावं.

मनगट पुसून मी तसाच उभा राहिलो आणि एकेक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहू लागला. गुलाबचंद शेठ रोज सकाळी मला स्वतःच्या डबीतून दोन वेलदोडे देत. "लो भोजराज, मुँह मीठा करो," म्हणत. एवढा मोठा माणूस हमालांना देत नाही, मुनीमजीला देत नाही, मला देतो. मी घरी सांगायचो, शेठचा माझ्यावर जीव आहे. भुश्यामागे मला त्या वेलदोड्यांचा अर्थ लागला आणि कान गरम झाले. पण खरं सांगतो, राग आला नाही. इतकी वर्षं त्या माणसानं न चुकता वेलदोडे दिले आणि तेही मला मान दिल्यासारखे. हाकलून देता आलं असतं. कवडू माझ्याशी बोलताना नेहमी वारा येतो त्या बाजूला उभा राहायचा. माझी मुलगी नंदा पूर्वी खांद्यावर बसून माझ्या तोंडात चणे भरवायची, ती आता अंगणातूनच "बाबा आले" ओरडायची आणि तिकडेच खेळत राहायची. मोठी झाली, मी म्हणायचो. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक समजूत तयार होती. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कोणी नसतो.

आणि नंदाची माय. तिचं नाव अनुसया, पण ते मी तोंडानं कधी घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत. तिनं काय केलं होतं? मी आठवू लागलो, आणि मला भीती वाटली. कारण तिनं काहीच केलं नव्हतं. तोंड फिरवलं नव्हतं, पदर लावला नव्हता, अंथरूण लांब घातलं नव्हतं. मी बोलायचो तेव्हा ती ऐकायची, अगदी समोर बसून. लोक नाकाला पदर लावतात आणि ही लावत नाही, तर हिनं स्वतःला किती घट्ट बांधून ठेवलं असेल? की हिचं मन माझ्यातून केव्हाच उठून गेलं आहे आणि समोर फक्त शरीर बसून राहतं?

मिलचा भोंगा झाला. मी दुपारी घरी जेवायला जात असे. मुर्रीच्या वाटेवर आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिनं ताट वाढलं, भात, तुरीचं वरण, वाळकाची चटणी. मी खाली मान घालून जेवत होतो आणि पहिल्यांदा माझं लक्ष ताटाकडे गेलं. आमच्या घरांत एक रीत आहे. नवरा जेवून उठला की बायको त्याच ताटात स्वतःचं वाढून घेते. म्हणून पुरुषानं ताटात हात धुवायचा नाही, त्या ताटात अजून एक माणूस जेवायचं असतं. ताटात एखादा घास मुद्दाम ठेवायचा, तोही तिच्यासाठी. लग्न होऊन ती आली तेव्हा माझ्या आईनं तिला पहिल्याच दिवशी माझ्या ताटावर बसवलं होतं, आणि ती खालमानेनं माझा उष्टा भात कालवत असताना मी दारातून चोरून पाहिलं होतं. ते पाहून मला जे वाटलं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. कोणीतरी माझं तोंडचं खातं आहे, म्हणजे मी आता एकटा नाही, असं काहीतरी. त्यानंतर मी कधी पाहिलं नाही. जेवायचं, बाहेर जाऊन हात धुवायचा, टोपी घालायची आणि निघायचं. मागे ताटाचं काय होतं हे कोणता पुरुष बघतो?

त्या दुपारी मी नेहमीसारखा शेवटचा घास ताटात ठेवला, आणि मला त्या घासाची लाज वाटली. हा घास ती खाते का? की मी गेल्यावर ताट उचलून गाईपुढे ठेवते आणि स्वतःचं दुसरं घेते? एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. देवकाबाईनं विचारलेलं मी तिला विचारू शकत नव्हतो. आणि मागे वळून पाहायची माझी छाती नव्हती. एक पाऊल मागे टाकलं असतं तर कळलं असतं, पण कळलं असतं तर त्याच्यासकट जगावं लागलं असतं. मी टोपी घातली आणि निघालो.

त्यानंतरचे दिवस मी हिरड्यांवर घालवले. गुडाखूची डबी आमच्या भागात मिठासारखी घरोघर असते. तंबाखू आणि गुळाची ती काळी राब बोटावर घेऊन सकाळ-संध्याकाळ दातांवर घासतात, बाया घासतात, म्हातारे घासतात. दात त्यानंच टिकतात असा सगळ्यांचा विश्वास. डोकं जरा गरगरतं आणि बरं वाटतं. मी दुपारचीही घासायला लागलो. हिरड्या आधीपासून सुजलेल्या होत्या, आता नुसतं बोट लागलं तरी रक्त यायचं. रक्त आलं की मला वाटायचं, खराब रक्त जातं आहे, आणि मी आणखी जोरानं घासायचो. मधेच आठवलं, कधीतरी ही डबी फडताळातून नाहीशी झाली होती. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा ती तांदळाच्या कणगीमागून निघाली. नंदाची माय म्हणाली होती, उंदरानं नेली असेल. मी म्हणालो होतो, उंदीरही आता गुडाखू घासतात वाटतं. आम्ही दोघं हसलो होतो. आणि ती बाभळीच्या सालीचं पाणी उकळून द्यायची, घसा बसला असेल म्हणायची. माझा घसा कधी बसला नव्हता, पण गरम पाणी समोर आलं की मी चुळा भरायचो. सदऱ्याच्या खिशात लवंगा सापडायच्या. मी म्हणायचो, ही वेंधळी लवंगा कुठे ठेवते. ही सगळी तिची बोलणी होती आणि मला एकही ऐकू आलं नव्हतं.

शेवटी खालचा पुढचा एक दात दाणा फोडताना हलला. फुटला दाणा की सरकला दात, हेच कळेना. दात म्हणजे माझी रोजी. त्या संध्याकाळी मी स्टेशनाजवळच्या ईश्वरदास डॉक्टरकडे गेलो. हे सिंधी, फाळणीनंतर शिकारपुरातून आलेले. तिथे म्हणे त्यांचा आरशांचा दवाखाना होता. इथे एका कापडाच्या दुकानामागची खोली, न्हाव्याची वाटावी अशी खुर्ची आणि खिडकी. त्यांच्याविषयी गावात म्हणत की या दातांच्या डॉक्टराचे स्वतःचेच दात फार दिसतात, गोंदियात यायला लागूनही हा माणूस हसतो. त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं. वास आला असणार, पण भुवईही हलली नाही. मग त्यांनी एक काचेचा पेला माझ्यापुढे धरला.

"थूको, साईं."

मी थुंकायला तरबेज माणूस. पण त्या दिवशी तोंडात काही जमेना. बऱ्याच वेळानं जे आलं ते पांढरं, दाट, आणि पेल्याच्या कडेला लोंबत राहिलं. त्यांनी पेला तिरका केला, तार तुटली नाही. मग त्यांनी दुसरा पेला घेतला आणि काही लाज न बाळगता त्यात स्वतः थुंकले. दोन्ही पेले खिडकीत उजेडात ठेवले. त्यांचं पाणी पाण्यासारखं होतं, पेला हलवला की फिरायचं. शिकारपूरची थुंकी आणि आमगावची थुंकी शेजारी शेजारी ठेवून दोन मोठी माणसं वाकून बघत आहेत, हे दृश्य बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर आम्हाला वेड्यातच काढलं असतं.

"यह देखो," ते म्हणाले, "यह तुम्हारा नौकर है. दिन भर मुँह धोता है, खट्टा मारता है, दाने का टुकड़ा दाँत में रहने नहीं देता. मुफ़्त का नौकर. तुमने उसको निकाल दिया." निळ्या कागदाचा एक तुकडा त्यांनी माझ्या जिभेवर ठेवला. तो लाल झाला. त्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले की थुंकी पातळ असेल, वाहती असेल, तर तोंडातला आंबटपणा धुऊन जातो. ती आटली, दाट झाली, की अन्न तिथेच बसतं, कुजतं, दाताच्या मुळाशी दगड होतं. दगडाखाली हिरडी सुटते, पू होतो, आणि जो वास येतो तो त्या कुजण्याचा. याला पायरिया म्हणतात. रात्री झोपेत सगळ्यांचीच थुंकी कमी होते, म्हणून सकाळी राजाच्याही तोंडाला वास असतो. "राजा सुबह पानी पीता है. तुम दिन भर सुबह लेकर घूमते हो."

मी धानाच्या घरचा. मला यातलं अर्धंच हिंदी कळलं, पण बांधी कळली. बांधीतलं पाणी वाहतं असेल तर धान हसतं. येणारं पाणी बंद करा, आहे ते साचू द्या, आठवड्यात शेवाळ धरतं आणि मुळं कुजतात. लहानपणी बापानं मला बांधावर उभं करून हेच शिकवलं होतं, आणि मी मोठा होऊन स्वतःच्या तोंडात बांध घातला होता. "डॉक्टरसाहेब, पन पारख्याचं तोंड कोरडं पायजे," मी सेवकरामकाकांचा नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. धानातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलंही. फक्त विचारलं, "दाना टूटता है तो जीभ से मालूम पड़ता है, कि कान से?" मी खुर्चीत बसल्या बसल्या मनात एक दाणा फोडला. वाळलेला दाणा कट्ट बोलतो, ओला दबतो. ते दाढेत कळतं, कानात कळतं. जिभेचा त्यात काय संबंध होता? काका कोणापासून शिकले होते कोण जाणे. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी जे त्यांच्याकडे होतं ते सगळं मला दिलं होतं, पारखही आणि तोंडही.

डॉक्टरांनी हलता दात काढला आणि बाकीच्यांवरचा दगड खरवडला. कानात कर्रर्र आवाज होत होता आणि तोंडात रक्ताची चव. पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यात माझी वर्षं पडत होती, पिवळी, काळी. उठताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मिठाच्या पाण्यानं चुळा, घोट घोट पाणी, सावकाश चावणं, गुडाखू बंद. आणि म्हणाले, "थूकना नहीं. निगलो. तुम्हारा ही है." आपलं घरदार सोडून आलेल्या माणसानं मला माझं काय आहे ते सांगितलं. पेल्यात स्वतः थुंकून दाखवणारा तो माणूस माझ्या देव्हाऱ्यात बसायच्या लायकीचा होता. मी "येतो" एवढंच म्हणालो आणि तेही नीट उमटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोंड सुजलेलं होतं. मिलमध्ये मी दाढेखाली दाणे फोडले, मधे पाणी प्यायलो, आणि एकही पोतं चुकलं नाही. कवडू माझ्या लोट्याकडे बघत राहिला. दुपारी घरी आलो. नंदा शेजारी खेळायला गेली होती. नंदाच्या मायनं भात मऊ करून त्यात ताक घातलं होतं. मला चावता येत नव्हतं, घास इकडून तिकडे फिरवत जेवलो. मिठाच्या ताकानं जखम चुरचुरली आणि रक्त आलं. ताटात खाली पाहिलं तर उरलेल्या भाताच्या कडेला गुलाबी डाग उमटला होता. मला तो बोटानं पुसून टाकावासा वाटला, पण ती समोर उभी होती. मी उठलो. हात बाहेर धुतला, टोपी घातली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे गेल्यावर चुळांसाठीची मिठाची पुडी घरी विसरली असं मी स्वतःला सांगितलं. पुडी खिशात होती.

दार उघडं होतं. ती माझ्या पाटावर बसली होती. समोर माझं ताट. तिनं त्यात स्वतःचा भात वाढून घेतला होता आणि गुलाबी डाग पडलेला भात त्यात कालवत होती. सावकाश, जसा कोणीही भात कालवतो तसा. घास तोंडाशी नेताना तिला मी दिसलो.

"राहू दे ते ताट," मी म्हणालो. "रक्त हाय त्यात."

तिनं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आजच हाय काय?" ती म्हणाली.

मी दाराची चौकट धरली. तिला माहीत होतं. माझ्या आधी, डॉक्टरच्या आधी, देवकाबाईच्या आधी माहीत होतं. तिनं ते रोज ताटात पाहिलं होतं आणि रोज त्याच ताटात जेवली होती. मी इतके दिवस ज्याला घाबरून मागे वळलो नव्हतो ते हे होतं. आत एवढं भरून आलं की मी भांडायच्या सुरातच विचारलं, "काऊन नाई सांगितलं मले?"

"सांगतलं नाई कसं? नंदा पोटात होती तवा सांगतलं. वास येऊन राहिला म्हनलं."

"मंग?"

"तुमी म्हनलं, हौदाचा होय. अन् चादर घेऊन ओट्यावर निजाले गेले. मिलचा मानूस तुले चालत नाई म्हनले. किती दिस गेले, तुमी आत येऊनच नाई राहिले." ती भाताकडे बघत बोलत होती. "मंग म्या ठरवलं, हौदाचाच होय."

मला ते आठवत नव्हतं. ओटा आठवला, चादर आठवली, पण का ते आठवत नव्हतं. तिच्या मनात ते इतकी वर्षं होतं आणि तिनं त्याचं एक साधं गणित करून टाकलं होतं. वासासकट माणूस आत हवा, की वासाशिवाय बाहेर. तिनं आत ठेवला होता. मग लवंगा, बाभळीची साल, कणगीमागची डबी. ज्याला बोललेलं सोसत नाही त्याच्याशी जितकं बोलता येतं तितकं ती बोलत राहिली होती.

मी टोपी काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ताट आमच्यामधे होतं. मी हात पुढे केला आणि तिनं कालवलेल्या भातातला, तिच्या बोटांजवळचा एक घास उचलला.

"अजी, हे काय करून राहिले?" तिनं ताट मागे ओढलं. "माह्या हाताचं उष्टं होय ते. पुरुष खात नाईत. कोनी पायलं तं काय म्हनन?"

"म्हनन, हौदाचं होय."

तिला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, नाकाला नाही, हसू झाकायला. मग पदर सोडला आणि ताट थोडं माझ्याकडे सरकवलं. मी घास तोंडात घातला. भात थंड होता, ताक आंबट होतं, दात काढलेली जागा ठणकली. आणि कडेकडेनं, जिभेखालून, मुळांशी बरीच वर्षं बंद असलेली वाट मोकळी व्हावी तसं तोंडात पाणी सुटलं. पातळ, पुष्कळ. सवयीनं माझी मान दाराकडे वळली, थुंकायला. ती माझ्याकडे बघत होती. मी मान परत तिच्याकडे केली आणि गिळलं.